उलटा हात

नोव्हेंबर १९०९. गांधीजी लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परत निघाले होते. 'किल्डोनन कॅसल' नावाच्या बोटीवर, १३ ते २२ नोव्हेंबर या दहा दिवसांत, त्यांनी 'हिंद स्वराज' लिहून काढलं. भाषा गुजराती, कागद बोटीवरचेच. हस्तलिखिताची पानं भरली २७५. एवढं सलग लिहिल्यावर उजवा हात दुखणारच. तो दुखायला लागला की ते कलम डाव्या हातात घेत आणि लिखाण पुढं चालू ठेवत. अशी डाव्या हाताची पानं चाळीस आहेत. १९२३ साली नवजीवननं या हस्तलिखिताची हुबेहूब छापील प्रत काढली, त्यामुळं ती पानं आज कुणालाही बघता येतात.

या पुस्तकात रेल्वेबद्दल, वकिलांबद्दल, डॉक्टरांबद्दल जे म्हटलंय त्यावर भरपूर वाद झाले आहेत. मी भाषा शिकवणारा माणूस, अर्धा दिवस उर्दू आणि अर्धा दिवस मराठी, त्यामुळं माझं लक्ष मजकुराच्या आधी अक्षराकडं जातं. चाळीस वर्षांचा माणूस सवयीचा हात बाजूला ठेवून दुसऱ्या हातानं लिहितो, आणि तेही घाईत, डोक्यात विचार उसळत असताना. हे वाटतं तितकं सोपं नाही. विश्वास बसत नसेल तर आत्ता डाव्या हातानं स्वतःचं पूर्ण नाव लिहून पाहा. दुसऱ्या अक्षरापर्यंतच लक्षात येईल की आपण लिहीत नाही आहोत, चित्र काढतो आहोत. 'क'चा उजवीकडचा आकडा नेमका कुठून निघतो, तो दांडीला कुठं चिकटतो, याचा विचार आपण पहिलीनंतर केलेलाच नसतो. तो आता करावा लागतो.

गांधीजींना हे कळत होतं असं मानायला आधार आहे. आपलं अक्षर वाईट आहे याची त्यांना आयुष्यभर खंत होती आणि आत्मकथेत त्यांनी ती स्पष्ट लिहिली आहे. लहानपणी त्यांचा समज होता की सुंदर अक्षर हा शिक्षणाचा भाग नाही. पुढं दक्षिण आफ्रिकेत तरुण वकिलांची मोत्यासारखी अक्षरं पाहिली तेव्हा लाज वाटली. त्यावरून त्यांनी काढलेलं अनुमान मला फार महत्त्वाचं वाटतं. मुलाला आधी चित्र काढायला शिकवावं, मग अक्षर. फूल, पक्षी जसं पाहून ओळखतो तसं त्यानं अक्षर आधी पाहून ओळखावं, आणि वस्तूंची चित्रं काढता आली की मगच अक्षर गिरवावं. आपल्याकडं याच्या बरोबर उलट चालतं. पोरगं बालवाडीत गेलं की पहिल्याच आठवड्यात 'अ अननसाचा'. अननस त्यानं आयुष्यात पाहिलेला नसतो.

आमच्या राळेगाव तालुक्यातून वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो आणि तिथंच सेवाग्राम आहे. एप्रिल १९३६ मध्ये गांधीजी तिथं राहायला आले, तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. पुढच्याच वर्षी, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला, वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि तिनं अभ्यासक्रमासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसेन. समितीत विनोबा होते, काका कालेलकर होते, ख्वाजा गुलामुस सय्यदैन होते. बी.एड.ला आपण सगळ्यांनी 'वर्धा योजना' पाच मार्कांच्या टिपेसाठी पाठ केली आणि विसरलो. त्या योजनेच्या विषयांत मातृभाषा, गणित, समाजशास्त्र, विज्ञान यांच्या बरोबरीनं चित्रकला आणि संगीत होतं, हे टिपेत लिहिलं तरी गाइडमध्ये कुणी अधोरेखित करत नाही. आणखी एक बारीक गोष्ट. सूतकताईच्या अभ्यासक्रमात टकळी उजव्या हाताच्या बोटांनी फिरवायची तशी डाव्या हाताच्या बोटांनीही फिरवायला शिकवायची होती. मुलानं दोन्ही हातांनी सूत काढावं.

त्यामागं काही गूढ नव्हतं. एक हात थकला की दुसरा, एवढाच हिशेब. बोटीवर जे झालं तेच वर्गात. पण परिणाम मोठा होता, कारण आपल्या शाळेच्या इतिहासात डाव्या हाताला कुणीतरी रीतसर काम दिल्याचं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. शाळेत डाव्या हातानं पाटी धरायची असते. टकळीला जो न्याय मिळाला तो पेन्सिलीला मिळाला असता, तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

भाषेतच डाव्या हातावर किती अन्याय आहे बघा. मराठीत 'डावलणं' म्हणजे बाजूला सारणं. 'डावं-उजवं' म्हटलं की डावं ते कमी प्रतीचं. कूस उजवते, डावत नाही. आमच्या घरांत जी हिंदी-उर्दू बोलतात तिच्यात तर सरळच निकाल लावून टाकला आहे. उजवा तो 'सीधा हाथ' आणि डावा तो 'उलटा हाथ'. म्हणजे हात जन्मतःच चुकीच्या बाजूनं शिवलेला. अरबीनं मात्र थोडी दया दाखवली आहे. तिथं डाव्यासाठी एक शब्द 'यसार', आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ सुबत्ता, सुलभता. उर्दूत 'यमीन-ओ-यसार' म्हणजे उजवी-डावी बाजू. हा 'यसार' लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. महाभारतात अर्जुनाला 'सव्यसाची' म्हणतात, कारण डाव्या हातानंही तो धनुष्य तितक्याच सफाईनं चालवायचा. तिथं डावा हात कौतुकाचा आहे, पण उजव्याला जोड म्हणून. आणि त्याच ग्रंथात एकलव्याचा उजवा अंगठा मागून घेतला जातो. कसब मोडायचं तर हातावर घाव घालायचा, ही युक्ती सगळीकडच्या सत्तेला माहीत होती.

बगदादच्या खलिफांनाही.

इब्न मुक्ला हे नाव मराठी वाचकाला बहुधा माहीत नसेल. इ.स. ८८६ च्या सुमारास बगदादमध्ये जन्म. साध्या कारकुनीपासून सुरुवात करून हा माणूस तीन वेगवेगळ्या अब्बासी खलिफांच्या काळात, तीन वेळा वजीर झाला. पण त्याचं नाव टिकलं ते अक्षरामुळं. त्याच्याआधी अरबी अक्षर सुंदर होतं, पण ते ज्याच्या-त्याच्या हाताच्या ढंगावर चाले. इब्न मुक्लानं त्याला माप दिलं. बोरूचं टोक कागदावर टेकवलं की जो चौकोनी ठिपका उठतो तो एकक. अलिफ किती ठिपके उंच, त्या अलिफाचा व्यास धरून काढलेलं वर्तुळ केवढं, आणि बाकीची अक्षरं त्या वर्तुळाच्या किती भागात बसतात, असा सगळा हिशेब त्यानं बांधला. 'खत-ए-मन्सूब', म्हणजे प्रमाणबद्ध लेखन, त्याला म्हणतात. पुढच्या हजार वर्षांत अरबी, फारसी, उर्दू जिथं जिथं सुंदर लिहिली गेली तिथं त्याच ठिपक्याचा हिशेब चालत आला. आजही कातिबाकडं शिकायला बसलात तर तो अक्षराच्या शेजारी ठिपके मांडूनच दाखवतो.

वजिरी मात्र त्याला पचली नाही. ९३६ मध्ये तो पायउतार झाला. इब्न राइक नावाचा सेनानी तेव्हा राज्याचा खरा धनी होऊन बसला होता. त्याच्याविरुद्ध इब्न मुक्लानं कारस्थान केलं, ते उघडकीला आलं, आणि त्याचा उजवा हात तोडण्यात आला. जुने चरित्रकार सांगतात की तो त्या हातासाठी रडायचा. ज्या हातानं कुराणाच्या प्रती लिहिल्या तो चोराच्या हातासारखा तोडला, असं म्हणायचा. आणि हेही सांगतात की तो थांबला नाही. कुणी म्हणतं, उरलेल्या उजव्या मनगटाला बोरू बांधून लिहायचा. कुणी म्हणतं, डाव्या हातानं. पुढं त्याची जीभही कापली गेली आणि ९४० च्या सुमारास तो तुरुंगात मेला.

बांधलेला बोरू खरा की डावा हात खरा, या वादात मी पडत नाही. मला त्यातलं वेगळंच काही दिसतं. आपल्या हाताचा ढंग बाजूला सारून मापावर अक्षर उभं करायचं, ही कल्पना याच माणसाची. म्हणजे हात जाण्याच्या कितीतरी आधी त्यानं अक्षर हातातून काढून डोळ्यात ठेवलं होतं. ज्याचं कसब नुसतं मनगटाच्या झटक्यात असतं त्याचा हात गेला की सगळं जातं. ज्याला ठिपके मोजता येतात त्याच्याकडं दुसऱ्या हातासाठीही काहीतरी शिल्लक राहतं.

याचा पक्का पुरावा मिळतो तो आठशे वर्षांनी, इस्तंबूलमध्ये. मुहम्मद असअद एफेंदी हे तिथले नस्तालीकचे सर्वांत मोठे उस्ताद. आपली उर्दूची पाठ्यपुस्तकं ज्या लिपीत छापतात ती हीच नस्तालीक, तुर्क तिला 'तालीक' म्हणत. या असअद एफेंदींचं उजवं अंग जन्मापासून लुळं होतं. डावं अंग थरथरायचं. म्हणजे एक हात नाहीच आणि दुसरा स्थिर नाही. लहानपणी ते वलीउद्दीन एफेंदी या नामवंत उस्तादाकडं शिकायला गेले, तर त्यांनी मुलाची अवस्था पाहून परत पाठवलं. मग दुसऱ्या एका उस्तादानं, देदेजादे यांनी, त्यांना शागिर्द करून घेतलं. पुढं इजाजतीचा, म्हणजे स्वतःच्या नावानं लिहिण्याची परवानगी देण्याचा समारंभ झाला तेव्हा वलीउद्दीन एफेंदी हजर होते. या मुलाला शिकवण्याचा मान आपण आपल्या हातानं घालवला, आणि आपलं नाक खाली करायलाच अल्लाहनं याला पाठवलं, अशा अर्थाचं ते बोलले म्हणतात. खत शिकणाऱ्यांत ही गोष्ट अजून सांगितली जाते. मी ती शिक्षकांच्या बैठकीत एकदा सांगितली होती. दोघं हसले आणि बाकीचे गप्प झाले, कारण प्रवेशाच्या वेळी कुणाला परत पाठवलं ते प्रत्येकाला आठवत असतं.

लोकांनी त्यांचं नाव ठेवलं 'यसारी'. डावखुरा. त्यांनी ते मिरवलं. १७९८ मध्ये ते वारले, आणि त्यांचे चिरंजीव मुस्तफा इज्जत हेही मोठे कातिब झाले. त्यांना ओळखतात 'यसारीजादे' म्हणून, म्हणजे डावखुऱ्याचा मुलगा. ज्या समाजात डाव्या हातानं जेवलेलं चालत नाही, तिथं 'डावखुऱ्याचा मुलगा' ही पदवी झाली.

कुणी म्हणेल, हे लेखन झालं, रेखाटन कुठं आहे? मशिदीच्या किंवा पाणपोईच्या दगडावर जे मोठं अक्षर कोरायचं असतं ते एका फटक्यात लिहिलेलं नसतं. कातिब ते कागदावर काढतो, कडा दुरुस्त करतो, मग कडेनं सुईनं भोकं पाडतो. तो कागद दगडावर ठेवून कोळशाच्या पुडीनं ठोकला की खाली ठिपक्यांची रेघ उमटते आणि तिच्यावरून कोरणारा छिन्नी चालवतो. आपल्याकडं रांगोळीचे छापे आणि भरतकामाचे खाके असेच उठवतात. थरथरणाऱ्या हाताला हीच पद्धत तारते, कारण इथं वेगाला किंमत नाही. किंमत आहे ती कड कुठं वळते हे दिसण्याला.

युरोपातलं उदाहरण घ्यायचं तर लिओनार्दो दा विंचीकडं जावं लागतं. ते डावखुरे होते हे प्रसिद्धच आहे. त्यांच्या चित्रांतली छायेची बारीक तिरपी रेघ वरच्या डाव्या कोपऱ्याकडून खालच्या उजव्या कोपऱ्याकडं उतरते. उजव्या हाताची माणसं बरोबर उलट दिशेनं रेघ ओढतात. एखादं रेखाटन त्यांचं की शिष्याचं हे ठरवताना जाणकार या तिरकसपणाकडं बघतात. म्हणजे हात सहीसारखा असतो. पण त्यांचं तारीख असलेलं सर्वांत जुनं रेखाटन, ५ ऑगस्ट १४७३ चं आर्नो नदीच्या खोऱ्याचं, २०१९ मध्ये फ्लॉरेन्सच्या तज्ज्ञांनी बारकाईनं तपासलं तेव्हा आढळलं की पुढच्या बाजूची उलटी, आरशातली अक्षरं डाव्या हाताची आहेत आणि मागच्या बाजूची सरळ अक्षरं उजव्या हाताची. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. म्हणजे डावखुऱ्या लिओनार्दोनी आपला 'उलटा' हात, जो त्यांच्या बाबतीत उजवा, लहानपणीच शिकवून ठेवला होता.

आणि शेवटी तोच गेला. ऑक्टोबर १५१७ मध्ये आंतोनियो दे बेआतिस नावाचा प्रवासी त्यांना फ्रान्समध्ये भेटला. त्यानं नोंद केली की उजवा हात लुळा पडल्यामुळं आता ते पूर्वीसारखं मऊ रंगकाम करू शकत नाहीत, पण रेखाटतात आणि शिकवतात. रंगवायला ते उजवा हात वापरत असावेत, असा तर्क यावरून काहींनी केला आहे. दीड वर्षानं, मे १५१९ मध्ये, ते वारले. दोन हात दोन कामांना लावलेल्या माणसाचं एक काम थांबलं, एक चालू राहिलं.

ज्यांच्यावर वेळ आली त्यांनी दुसरा हात असा कामाला लावला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मात्र काही लोकांनी ठरवलं की वेळ येण्याआधीच शिकवावं. फिलाडेल्फियात जे. लिबर्टी टॅड नावाचे कलाशिक्षक होते. त्यांच्या शाळेत मुलं मोठ्या फळ्यासमोर उभी राहून दोन्ही हातांत खडू घेऊन एकाच वेळी दोन्हीकडं वेलबुट्ट्या काढत. १८९९ च्या त्यांच्या पुस्तकात याचे फोटो आहेत आणि ते खरोखर बघण्यासारखे आहेत. चार वर्षांनी इंग्लंडमध्ये याच हेतूनं एक संस्थाच निघाली, आणि १९०५ मध्ये जॉन जॅक्सन यांनी दोन हातांच्या शिक्षणावर एक पुस्तक लिहिलं. त्याची प्रस्तावना बेडन पॉवेलची, तोच तो स्काउटवाला. स्काउटची मुलं अजून डाव्या हातानं हस्तांदोलन करतात. बेडन पॉवेल चित्रंही दोन्ही हातांनी काढायचा.

पण या मंडळींच्या डोक्यात मुलांपेक्षा साम्राज्य जास्त होतं. दोन हात म्हणजे दोन मेंदू, दोन मेंदू म्हणजे दुप्पट सैनिक आणि दुप्पट कारकून, असा काहीसा हिशेब. १९०७ मध्ये सर जेम्स क्राइटन-ब्राउन या डॉक्टरांनी लंडनमध्ये व्याख्यान देऊन त्यांची चांगलीच हजेरी घेतली आणि ती लाट हळूहळू ओसरली. अलीकडं तिचं नवं रूप आलंय. डाव्या हातानं चित्र काढा, उजवा मेंदू जागा होईल, सर्जनशीलता वाढेल. रॉजर स्पेरी यांना मेंदूच्या दोन अर्ध्यांवरच्या कामासाठी १९८१ चं नोबेल मिळालं आणि त्यानंतर या विषयावर दुकानंच निघाली. त्यांचं संशोधन होतं दोन अर्ध्यांना जोडणारा दुवा शस्त्रक्रियेनं कापलेल्या रुग्णांवर. माझ्या सातवीच्या वर्गात तसं कुणी नाही. टकळीमागचा हिशेब मला जास्त प्रामाणिक वाटतो, एक हात थकला तर दुसरा.

त्या हिशेबाची सर्वांत करुण आणि सर्वांत नेटकी नोंद अमेरिकेत सापडते. तिथल्या यादवी युद्धात हजारो सैनिकांचे हात गेले. युद्ध संपलं त्या १८६५ साली विल्यम ओलंड बोर्न नावाच्या संपादकानं एक स्पर्धा जाहीर केली. उजवा हात गमावलेल्या सैनिकांनी डाव्या हातानं लिहिलेले नमुने पाठवावेत, एकूण एक हजार डॉलरची बक्षिसं. शेकडो नमुने आले, पुन्हा दुसरी स्पर्धा घ्यावी लागली, आणि ते सगळे कागद आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवले आहेत. बक्षिसापेक्षा हेतू सरळ होता. ज्याला डाव्या हातानं नीट लिहिता येतं त्याला हिशेबनीसाची नोकरी मिळू शकते.

आता वर्गातलं सांगतो. काही वर्षांपासून मी अधूनमधून एक तास असा घेतो. टेबलावर काहीतरी ठेवायचं. सुरई, दिवाळीनंतर फुटलेलं कापसाचं बोंड, सायकलचं पायडल. मुलांनी लिहिण्याचा हात मांडीवर ठेवायचा आणि दुसऱ्या हातानं ती वस्तू काढायची. खोडरबर नाही. कागद चिकटपट्टीनं बाकाला लावायचा, नाहीतर मांडीवरचा हात कागद धरण्याच्या निमित्तानं वर येतो आणि हळूच पेन्सिल घेतो.

पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ. ज्यांची चित्रकला 'चांगली' आहे ती मुलं सगळ्यात आधी चिडतात. त्यांच्या हातात एक तयार झोपडी असते, दोन डोंगर, मधून सूर्य, 'व' आकाराचे पक्षी. सुरई ठेवली तरी त्यांचा उजवा हात मनातलीच सुरई काढतो, दोन्ही बाजूंना सारखी फुगलेली. डाव्या हाताला ती सुरई येत नाही. मग नाइलाजानं समोर बघावं लागतं, आणि बघितल्यावर कळतं की कुंभारानं ती एका बाजूला किंचित बसकी केली आहे. रेघ वेडीवाकडी येते, पण बसकेपणा बरोबर येतो. एलिमेंटरीच्या परीक्षेला वस्तुचित्राचे मार्क देताना परीक्षक रेघेची सफाई बघतात की बसकेपणा, मला ठाऊक नाही. मी बसकेपणाला दिले असते. विसाव्या शतकातल्या मोठ्या चित्रकारांनी स्वतःचा तयार हात मोडण्यासाठी असेच उद्योग केलेत. साय ट्वॉम्ब्ली सैन्यात असताना, १९५३-५४ च्या सुमारास, रात्री दिवे मालवून अंधारात रेखाटायचा. विलेम द कूनिंगनं डोळे मिटून कोळशानं चित्रांची मालिका केली. आमच्याकडं अंधार महावितरण पुरवतं, तेव्हा तोही प्रयोग करता येईल.

पण या तासाला एक मुलगी होती तिच्याबद्दल लिहायचं आहे. सगळ्यांच्या रेघा लडखडत असताना तिची सुरई झरझर उतरत होती. तिरपी छाया वरून डावीकडून खाली उजवीकडं, लिओनार्दोच्या दिशेनं. एरवी तिचं अक्षर वर्गात सगळ्यात वाईट. मराठीतही, उर्दूतही. मी विचारलं तर म्हणाली, घरी उलट्या हातानं लिहिलं की ओरडतात, म्हणून पहिलीपासून सीध्या हातानं लिहिते.

दहा माणसांत साधारण एक डावखुरा असतो. चाळीसच्या वर्गात चार. त्यातल्या काहींना आपण दोन-तीन वर्षांत उजव्या हातावर आणून सोडतो. बाकीची मुलं माझ्या तासाला चाळीस मिनिटं जे सोसतात, ते ही पोरगी रोज सहा तास सोसत होती, आणि तिच्या अक्षराचे मार्क आम्ही कापत होतो.

आमच्या समाजात याला धर्माचा आधार दिला जातो म्हणून तेही सांगितलं पाहिजे. जेवावं उजव्या हातानं, ही शिकवण आहे आणि ती मी घरात पाळतो, माझ्या मुलांनाही शिकवली. शेजारच्या घरात प्रसाद आणि तीर्थ उजव्या हातातच घेतात, त्यामुळं या बाबतीत गावात एकमत आहे. पण जेवणाचा अदब पेन्सिलीवर कुणी आणि कधी चढवला? असअद एफेंदींनी डाव्या हातानं जे लिहिलं, त्यापुढं इस्तंबूलच्या शेखुल-इस्लामांनी मान झुकवली. वलीउद्दीन एफेंदी पुढं त्याच पदावर बसले होते.

दोन लिप्या शिकवत असल्यामुळं एक मजेशीर गोष्ट मला दिसते, जी फक्त मराठी किंवा फक्त उर्दू शिकवणाऱ्याला दिसणार नाही. डावखुरं मूल मराठी लिहिताना डावीकडून उजवीकडं जातं, म्हणजे त्याचा हात आत्ताच लिहिलेल्या ओल्या अक्षरांवरून सरकतो. वही बरबटते, करंगळीची बाजू निळी होते, म्हणून अशी मुलं मनगट वर वाकडं करून लिहितात आणि पुन्हा बोलणी खातात. तेच मूल उर्दूच्या तासाला उजवीकडून डावीकडं लिहितं. हात कोऱ्या कागदावर पुढं पुढं जातो, लिहिलेलं मागं मोकळं राहतं. एक पान स्वच्छ आणि एक बरबटलेलं, त्याच मुलाची, त्याच दिवशी. बोरूनं लिहायचं तर अडचण आहे, कारण त्याच्या टोकाचा तिरकस काप उजव्या हाताच्या हिशेबानं दिलेला असतो, तो बदलून घ्यावा लागतो. बॉलपेनला ती भानगड नाही. हे मी त्या मुलीला दाखवलं, तिच्या दोन वह्या शेजारी ठेवून. तिनं डाव्या हातानं आधी उर्दूच लिहायला घेतली. मराठीसाठी कागद थोडा उजवीकडं तिरपा ठेवायचा, आणि शाई लवकर वाळणारं पेन वापरायचं, एवढ्यानं बरंच भागलं.

तिचे वडील शिंपी आहेत. मी दुकानात गेलो, तिची सुरई दाखवली, यसारींची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग मशीन थांबवून म्हणाले, "सर, लिखने का ठीक है। पर इसको मेरा काम भी सीखना है। उलटे हाथ की कैंची नहीं आती।"

कात्री हातात घेऊन बघितली. अंगठ्याचं भोक एका बाजूनं घासून बसवलेलं, पाती अशी एकावर एक की डाव्या हातानं दाबलं तर कापण्याऐवजी कापड मध्ये दुमडतं. डाव्या हाताच्या कात्र्या मिळतात, पण राळेगावच्या दुकानांत मी पाहिलेल्या नाहीत. नागपूरहून मागवून बघतो म्हणालो. तोवर वहीत डावा, दुकानात उजवा, असं आमचं ठरलं आहे.